बियाणं रानातलं, पिशवी दुकानातली



मृग आठ दिवसांवर आला. पेडगावच्या टेसनावर उतरून गावात निघालं की दिसेल त्या भिंतीवर बियाणाच्या जाहिराती रंगवलेल्या दिसतात. एवढालं बोंड, आणि शेजारी हसणारा शेतकरी. त्याचं धोतर इतकं पांढरं की तो कधी पऱ्हाटीत शिरला असेल असं वाटत नाही.

पेडगावात जंगल नाही. इथं काळी जमीन आहे, कापूस आहे, रेल्वे आहे, आणि परभणीचं कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. मग जंगलगावच्या लोकांसाठी काढलेल्या या पत्रकात पेडगावातून काय लिहायचं? तर जिंतूरच्या डोंगरातले, औंढ्याकडचे, कळमनुरीकडचे आपले लोक दर साली इकडंच येतात. निंदायला येतात, फवारायला येतात, वेचणीला येतात. आम्हीही तसेच आलेलो. आमच्यातल्या काहींनी बारावी केली, पुढचं जमलं नाही. पावसाळ्यात डोंगरात आमच्या नांगरटीला ‘अतिक्रमण’ म्हणतात आणि सुगीत इथं आम्हांला ‘मजूर’ म्हणतात. शेतकरी मात्र आम्हांला कोणीच म्हणत नाही. म्हणूनच शेतीबद्दल लिहितो आहोत.

मागच्या पंधरवड्यात मजुरांच्या वस्तीवर बैठक झाली. विषय होता दाव्यांच्या कागदांचा. बोलता बोलता बियाणाची गोष्ट निघाली, कारण चार घरांनी पिशव्यांसाठी दुकानात उचल घेतल्याचं कळलं. तेव्हा एका म्हाताऱ्या आजीनं गावाकडून आणलेलं गाठोडं सोडलं. त्यात चिंध्यांच्या पुरचुंड्या होत्या. गावरान ज्वारी, राळा, भगर, काळा तीळ, कारळं, अंबाडी, उडीद, चवळी, रानातल्या कपाशीची सरकी. राखेत घोळलेलं, लिंबाच्या पाल्यात ठेवलेलं. आजी म्हणाली, "तुमच्या त्या दुकानात ह्यातलं एक तरी भेटतं का रे?" कोणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "भेटत न्हाई तर मग ते मागं ऱ्हायलं का तुमी मागं ऱ्हायले?"

या प्रश्नाचं उत्तर आम्ही शोधलं. ते तुमच्यापुढं ठेवतो.

आमच्यावरचे तीन आरोप

साहेब लोक आपल्याबद्दल तीन गोष्टी सांगतात. एक, आदिवासीचं बियाणं मागास. दोन, त्याचं उत्पादन कमी. तीन, तो जंगलाचं नुकसान करतो. तिन्ही गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या की आपल्यातल्या पोरांनाही त्या खऱ्या वाटायला लागल्या. शाळेच्या पुस्तकात हरितक्रांतीचा धडा आहे, त्यात आपण कुठंच नाही. एकेक आरोप घेऊ.

पहिला आरोप: बियाणं मागास

परभणीच्या बाजारात कोणत्याही माळणीला विचारा, चांगली भेंडी कोणती? ती सांगेल, परभणी क्रांती. हे वाण मराठवाडा कृषी विद्यापीठानं १९८५ च्या सुमारास काढलं आणि देशभर गेलं. परभणीचं नाव त्यानं नेलं, याचा आम्हांलाही अभिमान आहे. पण ते वाण कसं झालं ते ऐका.

त्याआधी शेतकरी दिल्लीच्या संस्थेची पुसा सावनी भेंडी लावायचे. तिच्यावर केवडा यायला लागला, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पडायच्या आणि फळ वाकडं, पांढुरकं व्हायचं. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. लागवडीच्या भेंडीत याला तोंड देणारं रक्त सापडेना. मग शास्त्रज्ञांनी काय केलं? भेंडीची रानटी बहीण शोधली, ‘मॅनिहॉट’ नावाची, आणि पुसा सावनीशी तिचा संकर केला. त्या संकरातून, पिढ्यान् पिढ्या निवड करत करत, परभणी क्रांती आली. ताकद आली ती त्या रानटी बहिणीकडून.

हे काय एकट्या भेंडीचंच नाही. फिलिपाइन्सच्या भात संशोधन संस्थेत भाताच्या एका खुजेपणाच्या रोगानं नव्या बुटक्या वाणांना धरलं. सहा हजारांवर नमुने तपासले. रोगाला पुरून उरला तो एकच नमुना, आपल्या उत्तर प्रदेशातून गेलेला रानभात. त्या एका रानटी गवताच्या जोरावर आशियातली लाखो एकर भातशेती वाचली. तो रानभात कुठल्या कंपनीनं केला नव्हता. ओढ्याकाठी, तळ्याकाठी, कोणी उपटला नाही म्हणून तो उरला होता.

आणि ज्वारी. रब्बीची मालदांडी कोणाला माहीत नाही? सोलापूरकडच्या मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात शेतकऱ्यांच्याच गावरान ज्वारीतून तिची निवड झाली. शास्त्रज्ञानं शेतकऱ्याचं बी घेतलं, त्यातलं चांगलं निवडलं आणि परत शेतकऱ्याला दिलं. पुढं सत्तर वर्षं मालदांडीची जागा कोणी घेऊ शकलं नाही. भाकरीला चांगली, कडब्याला चांगली, आणि घरचं बी घरात ठेवता येतं.

तर मग मागास कोण? ज्या बियाणाच्या पोटातून तुम्हांला दर वेळी औषध काढावं लागतं, ते मागास कसं? बियाणं मागास नाही. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही, एवढंच. पिशवीवर कंपनीचं नाव असतं, वाणावर विद्यापीठाचं नाव असतं. ज्या बाईनं शंभर कणसांतून बियाणाचं कणीस बाजूला काढलं, तिचं नाव नसतं.

रायपूरची गोष्ट

काही जण म्हणतील, नाव नसलं तर काय बिघडलं? काय बिघडतं ते २००२ मध्ये छत्तीसगडात दिसलं.

डॉ. रिछारिया नावाचे भाताचे मोठे शास्त्रज्ञ होते. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे ते संचालक होते. परदेशी बुटकी वाणं घाईनं आणू नका, त्यांच्याबरोबर रोग येतील, असं ते म्हणाले. १९६६ साली त्यांना त्या पदावरून जावं लागलं. पुढं रायपूरला बसून त्यांनी छत्तीसगडच्या गावागावांतून, आदिवासी आणि इतर शेतकऱ्यांकडून, भाताच्या हजारो जाती गोळा केल्या. सुगंधी भात, खोल पाण्यातला भात, साठ दिवसांत येणारा भात. गावकऱ्यांनी विश्वासानं मूठ मूठ दिली. पैसे मागितले नाहीत. बी मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, हा आपला रिवाज.

तो एकोणीस हजारांच्या वरचा साठा पुढं रायपूरच्या कृषी विद्यापीठाकडं आला. आणि २००२ मध्ये बातमी फुटली की विद्यापीठ सिंजेंटा या परदेशी कंपनीशी करार करतं आहे. साठा कंपनीच्या अभ्यासाला खुला होणार, बदल्यात विद्यापीठाला पैसे. ज्यांनी मूठ दिली त्यांना कोणी विचारलं नव्हतं. रायपुरात शेतकरी, कामगार, विद्यार्थी, काही प्रामाणिक शास्त्रज्ञ रस्त्यावर आले. डिसेंबरात कंपनीनं माघार घेतली.

साथींनो, हे नीट ध्यानात ठेवा. लोक बोलले म्हणून करार मोडला. लोकांना कळलंच नसतं तर? आपल्या डोंगरातून किती मुठी गेल्या, कोणत्या कपाटात आहेत, कोणाच्या करारात जातील, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे की नाही? आम्ही म्हणतो, आहे.

दुसरा आरोप: उत्पादन कमी

हे खरंच आहे, असं आम्ही आधी कबूल करतो. काळ्या जमिनीत, खत आणि पाणी देऊन, संकरित ज्वारी गावरानाच्या दुप्पट पिकते. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आई-बापांनी अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला. त्यानंतर हायब्रेट ज्वारीनं पोटं भरली. ते विसरणं बेइमानी होईल.

पण उत्पादन मोजायचं कसं? साहेब फक्त दाणा मोजतो. आपण कडबाही मोजतो, कारण बैल दाणा खात नाही. हायब्रेट ज्वारी बुटकी, कडबा कमी. खरिपात कणसं तयार व्हायच्या वेळेला पाऊस आला की दाणा काळा पडतो, आणि तीच काळी ज्वारी रेशनवर आपल्या पदरात पडते. आपल्या मिसळपेरीत ज्वारीच्या बाजूला तूर, मधे उडीद, कडेनं अंबाडी, बांधाला तीळ. एक गेलं तर दुसरं हाताला लागतं. कागदावर फक्त ज्वारीचं क्विंटल लिहिलं तर आपण नापास. घरातली बाई बारा महिन्यांचं कालवण, तेल, दोरी आणि चारा मोजते. तिच्या मापानं मोजा, मग सांगा कोण नापास.

आणि खर्च? तो पण मोजा. संकर म्हणजे काय ते समजून घ्या, कारण दुकानदार सांगणार नाही. दोन वेगळ्या जातींचं लग्न लावून जे पहिलं बी येतं, ते जोमदार असतं. पण त्याच पिकाचं बी पुढच्या साली पेरलं की कोणी आईवर जातं, कोणी बापावर, कोणी आज्यावर. पीक एकसारखं येत नाही. म्हणून दर साली नवी पिशवी. काही लोक अफवा पसरवतात की हे बी उगवतच नाही, कंपनीनं ते मारून टाकलेलं असतं. ते खरं नाही, आणि खोटं बोलून आपली लढाई लढायची नाही. उगवतं. पण भरवसा राहत नाही, आणि भरवसा राहिला नाही की कणगीतलं बी कोणी राखत नाही.

कपाशीचं हे लग्न हातानं लावावं लागतं. कळी उमलायच्या आधी तिच्यातला नर काढायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, फुलामागून फूल. आंध्रात बियाणाच्या प्लॉटवर हे काम लहान लहान मुली करायच्या. शाळा सोडून, उचलीवर. पिशवीवर याचं चित्र नसतं.

मग नवी पिशवी आली. २६ मार्च २००२ ला सरकारनं बीटी कापसाला परवानगी दिली. आपल्या जालन्याच्या महिको कंपनीचे तीन वाण, त्यात मातीतल्या एका जिवाणूचा गुण घातलेला. बोंडअळीनं ते झाड कुरतडलं की अळी मरायची. हे विज्ञान खरं आहे. बोंडअळीवर त्याचा परिणाम झाला हेही खरं. पण एकरभराची पिशवी तेव्हा सोळाशे रुपयांची होती, साध्या संकरित पिशवीच्या तिप्पट-चौपट. बाईची तेव्हाची रोजी तीस रुपये धरा. एका पिशवीला त्रेपन्न दिवस राबावं लागायचं, तेही दुसऱ्याच्या शेतात, आणि त्या दिवसांत घरात काही न खाता.

पिशवीत आणखी एक लहान पुडी असायची, साध्या कपाशीची. नियम असा होता की बीटीच्या भोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी, किंवा पाचव्या हिश्श्याएवढी साधी कपाशी लावायची. का? तर सगळीकडं विषारी झाड असलं की विषाला पचवणाऱ्या अळ्याच तेवढ्या उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. साध्या कपाशीवरच्या अळ्या मधे राहिल्या तर ते लांबतं. म्हणजे कंपनीलाही माहीत होतं की अळी एक दिवस शिकणार. आम्ही विचारलं, पेडगावच्या शिवारात ती लहान पुडी किती जणांनी पेरली? आम्ही ज्या ज्या शेतात वेचणी केली, तिथं एकानंही नाही. एकानं तर ती पुडी उंदराला विष म्हणून ठेवली होती, कोणी सांगितलंच नाही ती कशाची. आणि आपल्या दोन एकराच्या तुकड्यात पाचवा हिस्सा सोडून द्या म्हणणं म्हणजे भाकरीचा चतकोर अळीला द्या म्हणणं.

आपल्यातल्या एका घरानं त्या साली डोंगरातल्या बरड जमिनीत ही महागडी पेर केली. पावसानं मधे ताण दिला. मावा आला, तुडतुडे आले. त्यांना बीटीचं काही वाटत नाही, ते रस शोषतात. फवारा मारावाच लागला. झाड लाल पडलं. शेवटी बियाणाची उचलही फिटली नाही. दुकानदार म्हणाला, "तुमची जमीनच हलकी." जमीन हलकी आहे हे विकतानाही दिसत होतं की!

आमचं म्हणणं हे आहे. बीटी वाईट की चांगलं, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा नाही. आधी विचारायचं, हे कोणाच्या जमिनीसाठी बनवलं? पाणी असलेल्या, खत घालू शकणाऱ्या, नुकसान सोसू शकणाऱ्या शेतकऱ्यासाठी. मुरमाड उतारावर, पावसाच्या भरवशावर, मिसळपेरीत त्याची चाचणी आपल्या एका तरी गावात झाली का? नाही झाली. मग ते आपल्याला विकलं कसं?

तिसरा आरोप: जंगलाचं नुकसान

हा सगळ्यात मोठा आरोप, कारण याच्यावर आपली जमीन अवलंबून आहे.

केंद्राच्या वन मंत्रालयानं ३ मे २००२ ला पत्र काढलं. देशात साडेबारा लाख हेक्टर वनजमिनीवर अतिक्रमण आहे, ते ३० सप्टेंबरपर्यंत काढा. म्हणजे ऐन उभ्या पिकात. का? तर पर्यावरण वाचवायचं आहे.

ठीक आहे. पर्यावरणाचा हिशेब करू. पण सगळ्यांचा करू.

तेव्हा देशातल्या पिकाच्या जमिनीत कापूस होता साधारण शंभरात पाच हिस्से. आणि देशातल्या कीटकनाशकांतलं जवळजवळ निम्मं कापसावर पडायचं. हे पाठीवर पंप घेऊन कोण मारतं? आम्ही. नाक बांधायला फडकं, हाताला काही नाही. चक्कर आली की झाडाखाली बसवतात, लिंबू देतात, आणि अर्धी रोजी कापतात. १९८० नंतर नवी जहाल औषधं आली, सिंथेटिक पायरेथ्रॉइड म्हणतात ती. पहिली दोन-चार वर्षं अळी पटापट मेली. मग पांढरी माशी वाढली, कारण तिला खाणारे किडे आधी मेले. मग हिरवी बोंडअळीही औषधाला सरावली. १९९८ मध्ये आंध्रात वारंगळकडं कापसाचे शेतकरी तेच औषध पिऊन मेले. हे सगळं संशोधनाच्या नावानं, उत्पादनाच्या नावानं झालं. त्या दुकानांना कोणी ‘अतिक्रमण’ म्हटलं का? नाल्यात उतरलेल्या विषाला नोटीस गेली का?

कालवा आला, चांगलं झालं. पण काळ्या जमिनीला बेसुमार पाणी पाजलं, निचरा केला नाही, की ती चोपण होते, वर पांढरी फुलते. ज्याची जमीन फुलली त्यालाच विचारा. त्या जमिनीचा गुन्हा कोणावर?

आणि आपण? आपणही चुकलो आहोत. काही ठिकाणी उताराला नांगर उभा घातला, माती वाहून गेली. काही ठिकाणी सागाची झाडं ठेकेदाराच्या सांगण्यावरून आपल्याच पोरांनी तोडली, शंभर रुपयांसाठी. हे लपवायचं नाही. पण ज्या बांधावर मोह उभा आहे, ज्या ओढ्यात रानभाजी उगवते, ज्या पाड्यावर नऊ प्रकारचं बी आजीच्या गाठोड्यात टिकलं आहे, ते कोणी टिकवलं? वनखात्यानं? नाकेदारानं?

शास्त्रज्ञ स्वतः सांगतात की शेतात सगळीकडं एकच वाण झालं तर धोका मोठा. अमेरिकेत १९७० मध्ये मक्याच्या बहुतेक संकरित वाणांचं रक्त एकच होतं. एक करपा आला आणि देशाच्या मक्याचा सुमारे सातवा हिस्सा एका हंगामात गेला. म्हणून सरकार शीतगृहात बियाणं साठवतं. चांगलं करतं. पण शीतगृहातलं बी झोपलेलं असतं. पाऊस बदलला, कीड बदलली, तर त्याला काही शिकता येत नाही. आजीचं बी दर साली पावसाशी भांडतं. ते जिवंत कपाट आपली जमीन आहे. आपल्याला जमिनीवरून उठवलं तर ते कपाटच जळून जातं. एका हातानं जैवविविधता वाचवा म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं ती सांभाळणाऱ्याला हाकलायचं, हा कोणता हिशेब?

आम्ही विज्ञानाच्या विरोधात आहोत का?

नाही. हा शिक्का आमच्यावर मारू देऊ नका. आमच्यातल्या ज्यांनी बारावीला शास्त्र घेतलं, त्यांना मेंडेलच्या वाटाण्यानं वेड लावलं होतं. परभणीचं विद्यापीठ १९७२ साली झालं ते लोकांच्या पैशावर. नांदेडच्या केंद्रानं एनएचएच-४४ सारखी कपाशी दिली, लाखो शेतकऱ्यांनी ती लावली. निजामाच्या काळात याच भागाची गावरानी कपाशी तिच्या धाग्यासाठी नावाजलेली होती. त्या देशी कपाशीवर परभणीत आजही काम चालतं. देशी कपाशी मावा-तुडतुड्यांना अमेरिकन कपाशीपेक्षा जास्त सोसते, कोरड्यात तग धरते. मग तिच्यावरच्या कामाला जाहिरातीची भिंत का मिळत नाही? तिचं बी शेतकऱ्याच्या घरात राहू शकतं, दर साली विकता येत नाही, म्हणूनच ना?

आम्हांला विज्ञान पाहिजे, पण ते आमच्या बांधावर आलेलं पाहिजे. आमच्या मागण्या अशा:

१. डोंगरातल्या हलक्या जमिनीत, पावसाच्या पाण्यावर, मिसळपेरीत चाचणी केल्याशिवाय कोणतंही महागडं बियाणं आमच्या गावात योजनेतून वाटू नये.

२. राळा, भगर, कारळं, गावरान ज्वारी, देशी कपाशी यांच्यातलं चांगलं निवडून, मालदांडीसारखं, राखता येईल असं बी आम्हांला परत मिळावं.

३. आमच्या गावातून कोणीही बियाणाचा नमुना नेला, तर गावसभेला सांगून, कागदावर लिहून न्यावा. कोणाबरोबर करार होणार असेल तर तो मराठीत वाचून दाखवावा.

४. फवारणीच्या मजुराला हातमोजे, तोंडपट्टी आणि दवाखान्याचा खर्च मालकानं द्यावा.

५. वनजमिनीचे दावे निकाली निघेपर्यंत एकही उभं पीक काढू नये.

यातलं पुष्कळ मागायला कायद्याचा आधार आहे. २००१ मध्ये संसदेनं पीक वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. त्याच्या ३९ व्या कलमात लिहिलं आहे की शेतकऱ्याला आपलं बी राखता येतं, पेरता येतं, अदलाबदल करता येते, विकताही येतं. फक्त कंपनीच्या छापाखाली विकता येत नाही. ज्या समाजानं जुनी वाणं सांभाळली, त्याला मोबदला मागायचीही सोय त्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावपातळीवर समिती करायला सांगितलं आहे. आणि जमिनीसाठी, राज्य सरकारनं १० ऑक्टोबर २००२ ला निर्णय काढला होता. गावात समिती बसवून दावे तपासायचे, कागद नसेल तर गावातल्या जुन्या माणसांची साक्षही ऐकायची. हा निर्णय कोणी दयेनं दिलेला नाही. वर्षानुवर्षं मोर्चे काढून, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आदिवासींनी तो मिळवला.

आता कामाचं

भाषण पुरे. मृग तोंडावर आहे, म्हणून ठरलं ते सांगतो.

प्रत्येक गावानं पेरणीच्या आधी एक दिवस बियाणाची बैठक घ्यावी. बायांनी पुढं बसावं, कारण बी त्यांच्याकडं आहे. आपण बापे लोक तर दुकानाच्या पायरीवर बसतो. ज्या घरात जे बी आहे ते आणावं. एका वहीत लिहावं: बियाणाचं नाव, कोणाच्या घरी, कोणाकडून आलं, किती पिढ्या, कोणत्या जमिनीत येतं, कशाला चांगलं. लिहिणारं कोणी नसेल तर निरोप द्या, आम्ही येऊ. ही वही म्हणजे पुरावा आहे. ज्या आजीला आठवतं की तिच्या सासूनं याच उतारावर हा राळा पेरला होता, ती आजी तुमच्या दाव्याची साक्षीदार आहे. तिचं बोलणं लिहून घ्या, अंगठा घ्या. दाव्याच्या कागदाला ते पान जोडा.

ज्याच्याकडं एखादं बी संपलं आहे, त्यानं मागावं. ज्याच्याकडं आहे, त्यानं मूठ द्यावी आणि सुगीला दोन मुठी परत घ्याव्यात. पैसे नाहीत.

ज्यांनी पिशव्यांसाठी उचल घेतली आहे, त्यांच्यावर आम्ही बोट दाखवत नाही. पोराचं लग्न, दवाखाना, नगद पैसा सगळ्यांना लागतो. एवढंच सांगतो की सगळं रान एकाच पिशवीला देऊ नका. एक एकर पिशवीला दिला तर एक एकर आजीला द्या. आणि पिशवीची पावती टाकू नका. उद्या बी खोटं निघालं तर ती पावतीच बोलेल.

आजी परवा गावाकडं परत गेली. जाताना तिनं आमच्या हातात कारळ्याची एक पुरचुंडी दिली. इथं पेडगावात आमची जमीन नाही, पेरायचं कुठं? ती म्हणाली, "ठिवा. जमीन मिळंल तवा पेरा. पर लई दिस ठिऊ नका, बी मरतंय."

ती पुरचुंडी आमच्याजवळ आहे. ती मरायच्या आत जमीन मिळवायची आहे.

बियाणं आमचं, जमीन आमची!
लढू या, जिंकू या!
जिंदाबाद!

— पेडगाव मजूर वस्तीवरचे तुमचे साथी